कुंपण नसलेलं मैदान

सन्माननीय अध्यक्ष मुरलीधरकाका वैशंपायन, आमच्या शाळेच्या प्राचार्या मिसेस डोनोव्हन, व्यासपीठावर बसलेल्या आणि ‘मला वर कशाला बसवलंत’ अशा चेहऱ्याने अजूनही माझ्याकडे बघणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती नीरजाताई टिपणीस, त्यांचे यजमान शंतनू, क्रेगीबर्न आणि आसपासहून जमलेले पालक, शिक्षक, आजी-आजोबा, आणि मागच्या दारापाशी घोळका करून उभी असलेली आमची बेसबॉल टीम. गाइज, खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या.

मी हृषिकेश देवस्थळी. दिवसा लोकांची नेटवर्क्स सांभाळतो आणि शनिवारी या टीमचा असिस्टंट कोच असतो. आज मला नीरजाताईंना निरोप द्यायला उभं केलंय. खरं सांगू का, मी अजून सावरलेलो नाही. त्या आपली शाळा सोडताहेत हे समजल्यावर मी चहाचा कप हातात धरून नुसता उभा राहिलो होतो. आणि कुठे निघाल्यात? यारंडाला! मरे नदीकडच्या त्या एवढ्याशा गावात, त्या शाळेत, जिच्यामुळे आमची फायनल हुकली! यावर माणसाने काय बोलायचं?

आणि हो, ‘नीरजाताई’ मला फार वेळ जमणार नाही. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. सभेची परवानगी असेल तर मी नीरजाच म्हणतो. अध्यक्ष मान हलवताहेत. थँक यू, काका.

नीरजा पुण्यात शाळेपासून सॉफ्टबॉल खेळली, राज्याच्या टीममधून खेळली. इथे मेलबर्नला आली, गणिताची टीचर झाली, आणि पहिल्याच वर्षी आपल्या शाळेच्या बेसबॉल टीमची कोच. आता इथल्या आजी-आजोबांना बेसबॉल कळावा म्हणून एवढंच सांगतो. बॅटने बॉल मारायचा आणि चार कोपऱ्यांना शिवून परत घरी यायचं, की एक रन. बॉल कुंपणापलीकडे गेला तर होमरन, म्हणजे आपला सिक्सर. पण क्रिकेटच्या सिक्सरला दोरी कुठे असते हे साधारण ठरलेलं असतं. इथे प्रत्येक मैदानाचं माप वेगळं. आमच्या शाळेचं मैदान तुम्ही पाहिलंय. उजवीकडे कार पार्क, म्हणून तिकडचं कुंपण जवळ. बॉल थोडा उंच उचलला की पलीकडे. त्यामुळे आमची टीम ताकदीची. बॉल उचलून मारणारी दांडगी मुलं आम्ही निवडायचो, आणि त्यांच्यात सगळ्यात दांडगा होता वेद. नीरजाचा आणि शंतनूचा मुलगा. वेदने मारलेले बॉल कितीतरी लोकांच्या बॉनेटवर पडलेत. मिसेस डोनोव्हन हसताहेत, म्हणजे चारुता त्यांच्या कानात भाषांतर नीट करतेय.

गेल्या मार्चमध्ये आमची सेमीफायनल यारंडाच्या टीमशी होती, त्यांच्याच गावात. त्या मॅचला राज्याच्या ज्युनिअर टीमचे सिलेक्टर येणार होते. कोणाला बघायला, हे सगळ्यांना माहीत होतं. वेद आठवडाभर नीट जेवत नव्हता म्हणे.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी तिथे पोचलो. मैदान बघितलं आणि मी डोक्याला हात लावला. ते मुळात फुटीचं, म्हणजे इथल्या फुटबॉलचं, ओव्हल मैदान होतं, त्याच्या एका कोपऱ्यात बेसबॉलचे आखलेले पट्टे. डावीकडे कुंपणच नाही! गवत लांबवर जातं, मग उतार, मग गमची, म्हणजे निलगिरीची झाडं. मुलं नेट्समध्ये मस्ती करत होती आणि नीरजा त्या उताराकडे चालत गेली. खिशातून बॉल काढला आणि सोडून दिला. बॉल घरंगळत गेला, गेला, आणि झाडांत दिसेनासा झाला. ती तिथे बराच वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टीम सांगितली. वेदचं नाव नाही.

मला वाटलं, वाचताना चुकली. मी तिच्या कानाशी म्हटलं, “वेद राहिला.”

“राहिला नाही. काढलाय.”

वेद तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिच्यापेक्षा हातभर उंच मुलगा. म्हणाला, “आई, सिलेक्टर्स आलेत.”

“माहीत आहे मला.”

“देन व्हाय?”

नीरजा म्हणाली, “आपल्याकडे जो बॉल कुंपणापलीकडे जातो, तो इथे कॅच होणार. तू उंचच मारतोस. आणि फील्डिंगला एवढं मागे पळणं तुला झेपत नाही. इथे मला खाली मारणारे आणि पळणारे हवेत. तुझ्या जागी अनन्या खेळेल.”

“यू कुड हॅव टोल्ड मी अ‍ॅट होम.”

“घरी आईने सांगितल्यासारखं झालं असतं. हे कोच सांगतेय.”

शंतनू मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्यालाही हे माहीत नव्हतं. मंडळी, आपल्यापैकी किती जणांनी हे केलं असतं? मी केलं नसतं. मी काहीतरी हिशेब करून पोराला कुठेतरी बसवलंच असतं.

तिने वेदला काम मात्र दिलं. तिसऱ्या कोपऱ्याशेजारी, म्हणजे थर्ड बेसला, आपल्या टीमचा एक जण उभा असतो. धावणाऱ्याची पाठ बॉलकडे असते, त्याला मागचं दिसत नाही. पळ की थांब, हे हा माणूस हात करून सांगतो आणि धावणारा डोळे मिटून त्याचं ऐकतो. वेद तोंड पाडून तिकडे जाऊन उभा राहिला.

आणि नीरजाचं गणित बरोबर निघालं. सरपटी मारा, त्यांच्या माणसांच्या मधून मारा, डावीकडे त्या उताराकडे मारा, एवढंच तिचं सांगणं. बॉल एकदा मागे गेला की आणून देणाऱ्याची दमछाक व्हायची. आमच्या बाजूने तिने आऊटफिल्डची मुलं पार मागे उभी केली, आणि मधे एक जण ठेवला, लांबचा थ्रो झेलून पुढे फेकायला. मोठमोठे फटके आमच्या मुलांनी शांतपणे झेलले. जी टीम छोट्या मैदानाबाहेर कधी जिंकली नव्हती, ती तिथे बरोबरीत होती!

शेवटची इनिंग. नाणेफेकीमुळे शेवटची बॅटिंग आमची होती, म्हणजे एक रन आणि आम्ही फायनलमध्ये. बॅटिंगला अनन्या. तिने डावीकडे कडक मारला. बॉल माणसांच्या मधून निघाला आणि उताराकडे पळत सुटला. त्यांचा टोबी नावाचा मुलगा बॉलमागे धावला आणि उतारावरून दिसेनासा झाला. आम्ही सगळे पालक उजवीकडे तंबूत होतो, आम्हाला तिथून पलीकडचं काही दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होती ती फक्त अनन्या. पहिला कोपरा, दुसरा कोपरा. आम्ही ओरडतोय, नाचतोय. तिसऱ्या कोपऱ्याकडे ती आली आणि वेदने दोन्ही हात वर केले.

थांब.

अनन्या थांबली. आमचा विश्वासच बसेना. बॉल अजून आलेला नाही, घर समोर मोकळं, आणि हा मुलगा तिला थांबवतोय? माझ्या शेजारचे एक गृहस्थ किंचाळले, “मुद्दाम करतोय! आईवर सूड घेतोय!” मी त्यांना गप्प करायला हवं होतं, पण मीही वेदकडेच बघत राहिलो. तेवढ्यात वेदने जागा सोडली आणि उताराकडे धावत सुटला. पळताना तो शंतनूला हाक मारत होता. “बाबा! बाबा, कम! नाऊ!”

शंतनू इमर्जन्सीमध्ये नर्स आहे, हे तुम्ही जाणताच. मुलाच्या हाकेत काय होतं ते त्याला समजलं असणार, कारण तो काहीही न विचारता पळाला. आम्ही मागोमाग.

झाडांखाली क्रिकेटच्या पिचवर फिरवायचा जुना लोखंडी रोलर लावून ठेवलेला होता. टोबी बॉलवर नजर ठेवून उतारावरून सुसाट गेला, त्याचा तोल गेला आणि तो डोक्यानेच त्या रोलरवर आपटला. तिसऱ्या कोपऱ्यावरून हे फक्त वेदला दिसलं होतं. तो पडलेला होता. हलत नव्हता. वेद त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसून सगळ्यांना ओरडत होता, “डोन्ट मूव्ह हिम!” शंतनूने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, ते मदत येईपर्यंत सोडलं नाही. टोबीची आई तंबूतून पळत आली आणि मुलाला बघून उभी होती तिथेच खाली बसली.

हेलिकॉप्टर आलं. त्या अफाट मैदानाच्या मध्यावर उतरलं. मुलांच्या टोप्या उडाल्या, कोणी उचलल्या नाहीत.

नंतर अंपायर आमच्याकडे आले. म्हणाले, मी टाइम पुकारला नव्हता, म्हणजे खेळ थांबवला नव्हता, मुलगी पळाली असती तर रन धरावा लागला असता. म्हणजे आम्ही जिंकलो असतो. मॅच पुढे खेळायची का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही कोचनी मान हलवून नाही सांगितलं. अर्धवट मॅचचा नियम असा की सीझनमध्ये ज्यांचे पॉइंट्स जास्त, ते पुढे. यारंडाचे जास्त होते. ‘सूड’ म्हणणारे गृहस्थ वेदकडे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी नीरजाला शोधलं. ती बाकावर बसली होती, हात मांडीवर उपडे. मला म्हणाली, “तिकडे मारा, असं मीच सांगितलं होतं, हृषी.”

मी म्हटलं, “रोलर तू ठेवला नव्हतास.”

“मी उतार बघितला. बॉल कुठे जातो ते बघितलं. त्याच्या मागे मुलगा कुठे जाईल, ते नाही बघितलं.”

मी तिच्या शेजारी बसलो. 

आम्ही व्हॅनने परत निघालो. मी गाडी चालवत होतो, मायलेक मागच्या सीटवर. वाटेत नीरजाने विचारलं, “अनन्याला का थांबवलंस?”

वेद म्हणाला, “तो पडला ना, आई.”

“रन मिळाला असता.”

“आय नो.”

एवढंच. पुढे कित्येक आठवडे ते दोघं जेवायला बसले की मीठ दे, पाणी दे, याच्यापलीकडे बोलत नव्हते, असं शंतनू सांगायचा. सिलेक्टरनी वेदची बॅटिंग बघितलीच नाही, त्यामुळे त्याची निवड झाली नाही. मला वाटत होतं, कोणीतरी फोन करेल, दुसरी संधी देईल. तसं काही झालं नाही.

टोबीला मेलबर्नच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. कवटीला फ्रॅक्चर. नीरजा दर शनिवारी त्याला भेटायला जायची. सुरुवातीला तो ओळखायचा नाही, मग ओळखायला लागला, मग वैतागून म्हणायला लागला, मिस, प्लीज, गणित नको. टोबी आता बरा आहे. शाळेत जातो. धावायला अजून परवानगी नाही.

त्याच काळात ती लीगच्या मागे लागली. जिथे कुंपण नाही तिथे तात्पुरतं नारिंगी कुंपण उभं केल्याशिवाय मुलांची मॅच नाही, अशी तिची मागणी. लोक म्हणाले, ओव्हलवर दरवेळी कोण उभारणार? ही म्हणाली, मी. आणि पहिल्या काही मॅचना खरोखरच हातोडी घेऊन खुंट्या ठोकत होती, शंतनू आणि मी जाळी धरून. आता तो नियम झालाय. आणि आमची मुलं कुठल्याही नव्या मैदानावर बॅट काढायच्या आधी पूर्ण फेरी मारतात. बॉल कुठे जाईल ते बघतात, आणि माणूस कुठे जाईल तेही.

यारंडाच्या शाळेला गणिताची टीचर मिळत नव्हती, कोच सोडून गेला होता. टोबीच्या आईने हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सहज विषय काढला, आणि नीरजाने घरी येऊन अर्ज केला. शंतनूची नोकरी इथे, वेद इथे शिकणार, ती दर शुक्रवारी ड्राइव्ह करून घरी येणार, असं ठरलं. असं आपल्या सगळ्यांना वाटत होतं.

आता, नीरजा, जरा पाणी पिऊन घे.

काल संध्याकाळी वेद माझ्याकडे आला. म्हणाला, “हृषीकाका, उद्या तुम्ही बोलणार आहात ना? देन यू टेल हर. घरी सांगितलं तर ती नाही म्हणेल. सगळ्यांसमोर नाही म्हणता येणार नाही.” मी म्हटलं, काय सांगू? तो म्हणाला, “मी आईबरोबर यारंडाला येतोय. इलेव्हन्थ तिथेच करणार. शाळेशी बोललोय, बाबांनी सही केलीये.” मी म्हटलं, अरे, त्या मैदानावर तुझा उपयोग नाही असं तिनेच सांगितलं ना तुला? तर म्हणाला, “हो. सो शी कॅन टीच मी टू हिट लो. आणि तिने तिथे एकटीने का राहायचं?”

नीरजा... बस, बस. अगं, खुर्ची मागे आहे. शंतनू, धर तिला. नाही, मंडळी, काही झालेलं नाही, ती ठीक आहे. वेद, तू दारात काय उभा राहिलायस? ये पुढे. ये रे, पळ! आज तुला कोणी थांबवत नाहीये.

...

माझे पुढचे मुद्दे आता मला दिसत नाहीयेत, चष्मा पुसून घेतो.

राहू दे. संपवतो. अध्यक्षमहाराजांनी वेळेबाहेर बोलू दिलं, मिसेस डोनोव्हननी न कळणाऱ्या भाषेतलं भाषण इतकं मन लावून ऐकलं, हॉल लावणाऱ्या आणि बटाटेवडे तळणाऱ्या सगळ्यांनी सकाळपासून राबून हा दिवस उभा केला, त्यांचे मनापासून आभार. मायलेकांच्या घरातली गोष्ट मी चारचौघांत बोललो. त्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या पदरात टाका आणि मला मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

नमस्कार.