मागच्या दारापुढचा सोफा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील प्राचार्य आणि समुपदेशक सर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आपल्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम, गुरुजन आणि माझ्या मैत्रिणींनो,

आरंभी एक दुरुस्ती. गेल्या महिन्यात याच सभागृहात मी म्हणाले होते की, नव्या ‘मन मोकळं करा’ कक्षामुळे मला पुन्हा झोप लागू लागली. टाळ्याही पडल्या. ते विधान चुकीचं होतं. माझी पहिली शाळा घरीच झाली, आईच्या हाताखाली. तिचा नियम असा की, चूक ज्यांच्यासमोर केली त्यांच्यासमोरच सुधारायची. निरोपाचा दिवस त्याला बरा नव्हे, हे मला कळतं. कालपासून दुसरं काही कळतच नाहीये.

आपल्याला आठवत असेल, दूरच्या एका विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाला आग लागल्याची बातमी आली. मागचं दार बंद होतं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मुली वाचल्या नाहीत. मला जेवण जाईना, झोप लागेना. जो तो विचारी, तुझं कोण होतं तिथे? कोणी नव्हतं. फक्त फोटोतली खोली आमच्या खोलीसारखी होती. दोन खाटा, गजांची खिडकी, दोरीवर टॉवेल.

तेव्हा मॅडम स्वतःचं पांघरूण घेऊन आमच्या मजल्यावर झोपायला आल्या, हे मी विसरणार नाही. पण संस्थेचं एवढ्यावर समाधान कसं व्हावं? समिती बसली. मुलींच्या मनासाठी एक शांत कोपरा हवा, असं ठरलं. आणि आपल्याकडे सगळ्यात शांत कोपरा कुठला? जिथून कोणीच ये-जा करत नाही तो. म्हणजे मागच्या जिन्याचं दार. तिथे तिघांचा सोफा आला, फिकट निळा पडदा आला, कुंडी आली. दार पडद्यामागे गेलं आणि पडद्यावर पाटी लागली, ‘मन मोकळं करा’.

मी रीतसर गेले. सर म्हणाले, डोळे मिटा, एखादी सुरक्षित जागा समोर आणा. मी मागचा जिना आणला. तिथे जायला काय अडवतंय, त्यांनी विचारलं.

“सर, आपण बसलोय तो सोफा.”

हे प्रतीक फार बोलकं आहे, असं ते म्हणाले.

मॅडमना सांगितलं, तर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “अगं बाळा, दाराकडे काय बघतेस सारखी? आत बघ, आत.” माझ्या खोलीतली मैत्रीण, जिला आम्ही रेडिओ म्हणतो, तिचं म्हणणं असं की सोय उत्तम आहे, रडायचंही तिथेच आणि अडकायचंही तिथेच.

मग झोप लागली कशी? रंगारी आले होते. त्यांनी सोफा अंगणात काढला आणि रंग वाळावा म्हणून दार उघडं ठेवलं. जिन्यावरून वारा यायचा. मी ढाराढूर झोपले. नेमकं तेव्हाच मला भाषणाला उभं केलं. झोप झालेली होती, कक्षाचं कौतुक करायचं होतं, मी एकाला दुसरं जोडून दिलं. पुढे रंग वाळला, दाराला पुन्हा कुलूप लागलं, सोफा परतला, झोप गेली.

आता त्या कक्षाला मॅडमचं नाव देताहेत, हे मला काल कळलं. संगमरवरी पाटी रविवारी त्या दारावरच ठोकणार आहेत. आणि नाव लागलेली वस्तू आपल्याकडे कधी हललीय का? मॅडम, तुमचं नाव उघड्या दाराला शोभेल. सोफ्याला नको.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. पुन्हा दुरुस्तीला उभी राहणार नाही, एवढी हमी देते. सोफ्याचं एक टोक मी धरेन, दुसरं रेडिओ. मॅडमनी फक्त किल्ल्यांचा जुडगा आणावा, तो त्यांच्याकडे शनिवारपर्यंतच आहे. म्हणून आम्ही सोफा हलवणार आहोत शुक्रवारी, तेवीस तारखेला, सकाळचा चहा झाल्यावर.