रियाच्या बदल्यात शबाना

मला आधी खटकलं ते एवढंसंच. एकत्र सरावात रियाने बास्केट केली, आमच्या शबानाने टाळी द्यायला हात पुढे केला, आणि रिया तिच्याकडे न बघताच निघून गेली.

मस्कतच्या अल् घुब्रातल्या आमच्या मुलींच्या टीमची कॅप्टन मी. शबाना निझवाच्या टीमला द्यायची आणि त्यांची रिया घ्यायची, असं जवळपास ठरलं होतं. रियाचा नेम चुकत नाही. शबानाचा क्वचितच लागतो, पण हरल्यावर आम्हाला हसवते ती शबानाच.

चहा घेताना मी हळूच म्हटलं, "हिचा स्वभाव काही बरा वाटत नाही गं."

आमच्या टीममधली प्रज्ञा म्हणाली, "स्वभाव कशाला बघतेस? सून आणायचीये का?"

तेवढ्यात रियाने शबानाकडे बोट दाखवून विचारलं, "हिलाच देताय ना? बरंय!"

मी इतकी दचकले की चहा सांडला. शबाना हसली, आणि खाली बघत सांडलेला चहा पुसू लागली. तिथेच मी ठरवलं, शबाना कुठेही जाणार नाही.

नकार कळवायला निझवाच्या कॅप्टनला, स्मिताताईंना, फोन लावत राहिले. सारखा बिझी. तरी सोडला नाही. शेवटी त्यांनी उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत ओरडल्या,

"खलास, ठरलं गं! रिया आता तुमचीच! ती जाणार म्हणून इथे आम्ही हलवासुद्धा वाटला!"