डावीकडे कललेली सीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, जुन्या मोटरसायकलींवर पोटच्या पोरांइतकी माया करणारे आपल्या मंडळाचे सगळे सभासद, त्या मायेपायी घरी एकट्या राहणाऱ्या त्यांच्या बायका, आमच्या गल्लीतले कारागीर, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ते, पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलेले आमचे हे!

खरं म्हणजे इथे यांनी बोलायला हवं होतं. पण हे म्हणाले, "तू बोल, मी ऐकतो." लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे वाक्य ऐकायला मिळालं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

तुम्ही सगळे यांना सीटमास्तर म्हणता. जुन्या गाडीच्या सीटचं व्हिनाइल, म्हणजे आपलं रेक्झिन, उन्हातान्हात राहून कडक होतं. बोट दाबलं तर तडकतं. लोक ते फाडून नवं घालतात. हे तसं करत नाहीत. साबणाच्या पाण्याने हळूच धुवायचं, तेल चोळायचं, गुंडाळून मुरत ठेवायचं, मग ऊब देत देत एकेक खिळा काढायचा आणि आतून पातळ कापडाचं अस्तर चिकटवायचं. ऊब कशाने द्यायची? तर माझ्या केस वाळवायच्या यंत्राने. बाईसाहेबांचे केस ओले राहिले तरी चालतील, सीटला गारठा लागता कामा नये! हसताय काय? तुमच्यातल्या निम्म्यांच्या सीटा माझ्या त्या यंत्राने शेकल्यात.

पण आज मला सांगायचंय ते एकाच सीटबद्दल.

आमचं लग्न झालं, त्यानंतरच्या पहिल्याच मेजवानीत कुणीतरी माझ्या थोरल्या भावाला विचारलं, "जावई काय करतात?" दादा म्हणाला, "लोकांच्या बुडाखालचं शिवतात." सगळी पंगत हसली. हेही हसले. मी नाही हसले. घरी आल्यावर यांनी मलाच समजावलं, "अगं, खोटं कुठे बोलला तो?" पण माझ्या जिवाला ते लागलं होतं. मी माहेरी जाणं सोडलं. दादाचा निरोप आला की मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्यालाही मान होता, मग निरोपही थांबले. अशी आठ-नऊ वर्षं गेली. राग यांचा नव्हताच. तो सगळा माझ्याकडे होता, आणि मी तो चांगला जपला होता.

एक दिवस दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर बाकावर एक सीट. शेजारचे मेकॅनिक, ज्यांना आपण सगळे उस्ताद म्हणतो, ते नुकतेच ठेवून गेले होते. काळं रेक्झिन, जागोजागी तडे, मधे हाताने धरायचा पट्टा. आणि सीटची डावी बाजू उजवीपेक्षा खाली दबलेली.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. आमच्या वडिलांचं कंबरेचं दुखणं होतं, ते गाडीवर कायम डावीकडे कलून बसायचे. मागे मी, तो पट्टा घट्ट धरून. पुढे टाकीवर दादा. माझ्या लग्नाआधीच बाबा गेले आणि गाडी दादाकडे राहिली.

"कुणाची आहे ही?" मी विचारलं.

"तुला माहीत आहे," हे म्हणाले. "काय करू, सांग. नवं कव्हर शिवू, की हेच वाचवू?"

मी म्हटलं, "नवं शिवा. हे टाकून द्या."

"बरं," म्हणाले. आणि साबणाचं पाणी करायला घेतलं!

पुढचे काही दिवस मी दुकानात पाऊल टाकणार नव्हते. पण डबा कोण नेणार? रोज जायची, रोज बघायची. रेक्झिन हळूहळू नरम पडत होतं. काळेपणाला ओल येत होती. एकदा यांनी सहज विचारलं, "फोम डावीकडे बसलाय. भर घालून सरळ करू का?" माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "नको!"

यांनी हातातला फोमचा तुकडा परत कपाटात टाकला.

मग कव्हर परत ताणून बसवायचा दिवस आला. ते ओढताना मागचा कोपरा यांच्या हातून टरकन फाटला. यांनी सीटच्या तळाला असतो त्या पत्र्याखाली दुमडलेली पट्टी उलगडली. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं. रेक्झिन मऊ होतं, रंगही तोच. त्यातला तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला.

"जुन्याच भोकांतून सुई घालायची. माझा हात जड आहे. तू शिव."

"मी?"

"बाबा तुझे की माझे?"

मी शिवलं. डोळे पुसत पुसत शिवलं, त्यामुळे जरा वेळ लागला.

सीट तयार झाली तसे उस्ताद न्यायला आले. हे म्हणाले, "मालकाने स्वतः बसून बघितल्याशिवाय मी सीट देत नाही. दुकानाचा नियम आहे." उस्ताद चक्रावले. कारण हा नियम त्याच सकाळी झाला होता.

दुसऱ्या दिवशी दादा आला. उस्तादांच्या गॅरेजातून गाडी ढकलत. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. यांनी सीट बसवली. दादा बसला, आपोआप डावीकडे कलला, आणि तसाच राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाबांसारखं बसायला होतंय गं."

मी पदराने बाक पुसायला घेतला.

मग त्याने मागे हात फिरवला. "या कोपऱ्याची शिवण कुणाची?"

"माझी."

"वाकडी आहे."

"शिवण सरळ आहे. तूच वाकडा बसलायस."

तो हसला. मग यांच्याकडे वळला. "भावोजी, त्या दिवशी पंगतीत मी जे बोललो ना..."

"ते राहू द्या," हे म्हणाले. "मागची बाजू अजून तपासायची आहे. मागे वजन हवं. अगं, बस बघू जरा."

दोन गल्ल्या फिरून यायचं ठरलं होतं. आम्ही परतलो ते संध्याकाळी. वाटेत काय काय बोललो, कुठे भांडलो, कुठे थांबून रडलो, ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. हे दुकानाच्या पायरीवर बसून होते. कुठे गेलात, इतका वेळ का, काही नाही. एवढंच विचारलं, "मागे कुठे टोचलं का?"

मी म्हटलं, "नाही. आता नाही टोचत."

आता यांचे खांदे भरून येतात, म्हणून दुकान आमच्या पुतणीच्या हाती देऊन हे घरी बसताहेत. तिचा हात यांच्यापेक्षा हलका आहे. हे मी नाही, हेच म्हणतात. आमचं छान चाललंय. कुणी काळजी करू नये.

मंडळाने आठवणीने हा सत्कार केला, उस्तादांनी नियम मोडला नाही, दादा एवढ्या लांबून गाडीवरून आला, आणि तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बायकोने चारचौघांत नवऱ्याचं कौतुक करायचं म्हणजे माप चुकायचंच. काही कमी पडलं असेल तर ते तुम्ही भरून काढा. जास्त झालं असेल तर माफ करा, घरी गेल्यावर मी ते कमी करीन.