मुशीच्या कातडीचा साचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाचे ज्येष्ठ सभासद डॉ. गुरुनाथ पाध्ये, प्रमुख पाहुणे विंग कमांडर चारुदत्त नाखरे, मंडळाच्या चिटणीस पद्मिनीताई, आणि ‘चारलाच सुरू करा, अंधाराआधी घरी पोचायचंय’ असं मला बजावून स्वतः साडेचारला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पाध्येसाहेबांनी माझं एवढं कौतुक केलं, की शैलजा, म्हणजे आमची बायको, मला ओळखते की नाही अशी शंका यायला लागली. ‘मुशीच्या कातडीवरून बोटींसाठी नवं आवरण बनवणारे आपले हेरंब केळुसकर!’ आता पुण्याला त्याच कामाचा प्रमुख म्हणून चाललोय, म्हणून ही शाल, हा नारळ. साहेब, शाल पाच मिनिटं टेबलावरच असू द्या.

मुशी म्हणजे शार्क मासा. तिला आम्ही मालवणकडचे मोरी म्हणतो आणि तिचं कालवण करतो. कातडीकडे कोण बघतंय? पण डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून बघा, गुळगुळीत. उलटा फिरवा, हात सोलून निघेल. बारीक बारीक खवले आणि त्यांवर रेघा, त्यामुळे पाणी तिला कमी अडवतं. ती कातडी जशीच्या तशी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर उतरवायची आणि बोटीच्या पोटाला चिकटवायची, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणायला! केसापेक्षा बारीक रेघ साच्यात उतरवणार कोण? आमच्या वर्कशॉपमधले मेहर सिंग. तीस वर्षं साचे करणारा माणूस. ते बघा, दाराशी बसलेत. मीच बोलावलंय त्यांना.

सत्याऐंशीचा मे महिना. मालवणहून आणलेली कातडी मी पुठ्ठ्यावर टाचून त्यांच्याकडे नेली. पाणी कुठून येणार त्याचा बाण पुठ्ठ्यावर काढला होता. त्यांनी कातडीवरून बोट फिरवलं, बाणाकडे पाहिलं आणि म्हणाले, “साबजी, ए तां पुट्ठा है.” मी मनात म्हटलं, अहो पुठ्ठाच आहे, मग काय लाकूड आहे? “हां हां, पुठ्ठा ही है.” “पक्का, साबजी?” “पक्का यार, चलने दो.”

साचा झाला, पट्ट्या निघाल्या, दिल्लीचे साहेब लोक आले. हौदात नमुन्याची बोट ओढली. ओढायला लागणारा जोर कमी व्हायचा, तो वाढला! सगळे खवले उलटे बसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “साचा मेहर सिंगने बनाया है. मैंने तो ठीक समझाया था.”

इथले ते दहशतीचे दिवस तुम्हाला मी सांगायला नको. नाक्यानाक्यावर झडती, पगडी दिसली की स्कूटर बाजूला. दिल्लीच्या एका साहेबांनी हळूच विचारलं, “जानबूझकर तो नहीं किया?” मित्रहो, तिथे फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी चष्मा पुसत बसलो.

त्यांचा वर्कशॉपचा पास काढून घेतला. सेवापुस्तकात ‘विश्वासार्हता संशयास्पद’ असा शेरा पडला. ज्या हातांनी साचे केले, ते हात स्टोअरमधून झाडू आणि फिनेल द्यायला लागले. चाचणी फसली त्याच संध्याकाळी मी पुठ्ठा पुन्हा पाहिला होता. कातडी उलटी टाचली होती, ती मीच. मग मी मनाची समजूत काय घातली? चूक माझी, पण एवढा कसबी माणूस, त्याने सांगायला नको का! दुसरा साचा दुसऱ्याने केला, चाचणी जमली, माझं नाव झालं.

त्या हिवाळ्यात बावीस सेक्टरच्या बाजारात चित्रासाठी स्वेटर घ्यायला गेलो. तिने तो घालून पाहिला, तर दुकानदार हसला, “बेटा, पुट्ठा पा लिया!” मी विचारलं, यात पुठ्ठा कुठे आला? आमची चित्रा, तुम्हाला ठाऊकच आहे, मराठी समजते पण उत्तर हिंदीत. म्हणाली, “बाबा, पंजाबी में पुट्ठा मतलब उल्टा!”

म्हणजे मेहर सिंग म्हणाले होते, हे उलटं आहे. त्यांनी सांगितलं होतं हो! ‘पक्का?’ म्हणून पुन्हा विचारलंही होतं.

आणि तेव्हा तरी मी बोललो का? नाही. सव्वा वर्ष रोज स्टोअरवरून गेलो. ते ‘सत श्री अकाल, साबजी’ म्हणायचे, मी घड्याळ बघायचो. लाज वाटते मला. उलटी कातडी टाचल्याची नाही, तशा चुका होतात. त्या माणसाला संशयाखाली ठेवून मी सत्कार घेत हिंडलो, त्याची वाटते.

येत्या मे महिन्यात ते निवृत्त होतायत, तो शेरा घेऊन. आज सकाळी मी सगळं लिहून संचालकांच्या हातात दिलं. शेरा निघेलच असं ते म्हणाले नाहीत. माझी पुण्याची नेमणूक राहील असंही म्हणाले नाहीत. शैलजालाही हे तुमच्याबरोबरच कळतंय. शैलजा, घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोल.

मंडळाने परक्या गावात आम्हाला घर दिलं, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपला माणूस म्हणून सांभाळून घ्या. पण तेवढंच. बाकीची माफी तुमच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना मराठी येत नाही. मघापासून मी त्यांचं नाव घेतोय, आणि मी कौतुकच करतोय असं समजून ते टाळ्या वाजवतायत.

मेहर सिंगजी, तालियां मत बजाइए. बैठे रहिए, मैं नीचे आ रहा हूं.