महाग म्हणाचं नाही

...मंग काय म्हणावं माणसानं? महागाले महाग म्हणाचं नाही! तुमाले सांगतो, हा आमच्या घरचा नवा कायदा. नात आमची, हिमानी, पांढुर्ण्याले इंग्रजीच्या क्लासले जाते. ती म्हणे, "आबाजी, दुकानात महाग म्हटलं का लोक आपल्याले गावंढळ समजतात. इंग्रजीत बोलाचं." इंग्रजीत म्हणे वस्तू महाग असली का एक हात अन् एक पाय द्या लागतात, कधी नाकातून पैसे द्या लागतात, कधी तिची किंमतच एक बॉम्ब! म्या म्हटलं, बाई, हा बाजार होय का लढाई? आमच्या बैलबाजारात दुपट्ट्याखाली हात घालाचा, बोटं दाबाची, झाला भाव. तोंडातून शब्द नाही, कोणाची लाज नाही. पण नाही... महाग म्हणाचं नाही!

बरं. भाच्याचं लग्न सौंसरले, म्हणून माही बायको देवका, तिच्यासाठी लुगडं घ्याले तिले अन् नातीले घेऊन गेलो. एक जांभळं तिनं मांडीवर घेतलं, काठावरून हात फिरवून राहिली... फिरवूनच राहिली. मंग किमतीची चिठ्ठी पाह्यली. हिमानीनं मले कोपरानं ढोसलं, हे हातपायवालं होय म्हणून. मी आपला सवयीनं दुपट्टा काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला, बोटं धरली. तो दचकला ना! "बाबाजी, चक्कर येऊन राहिली का?" सारं दुकान पाहून राहिलं, नात लाल झाली. देवकानं हळूच लुगड्याची घडी केली.

"राहू द्या. रंग नाही आवडला मले."

अन् तुमाले सांगतो, मी तिथंच बसलो. काहून का, हे वाक्य मी लग्नापासून ऐकून राहिलो! बांगड्या घ्या, चप्पल घ्या, बोरगावच्या बाजारातली छत्री घ्या... रंग नाही आवडला. मी समजो, बाईची आवडच किचकट. अरे, पण छत्री तर काळी होती! काळ्या छत्रीचा रंग काय आवडाचा अन् काय नाही आवडाचा? इंग्रजाले हात लागला, पाय लागला, नाक लागलं, बॉम्ब लागला. हिनं एका वाक्यात जिंदगी काढली, महाग म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोणाले न सांगता एकटाच गेलो, ते जांभळं आणलं, तिच्या पुढं ठेवलं. तिनं उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, माह्याकडं पाह्यलं.

"आवो, रंग खरंच नव्हता आवडला."

आता हे खरं समजू, का महाग समजू? लग्नाले ती जुनंच नेसून आली. जांभळं पेटीत हाये. दुकानदार म्हणते, माल वापस होत नाही. मी काय म्हणावं?... महाग तर म्हणाचं नाही!