सोमवारी बाराचा भोंगा

हॅलो? नगरपालिका, आवक-जावक…

हां ताई, बोल… हो, मीच वाजवला… अगं भोंगा मीच वाजवला! नाही, गंमत म्हणून नाही. ऑफिसात बसून कोणी गंमत म्हणून भोंगा वाजवतं का?

दचकले? कोण, भाऊजी? सगळा चहा शर्टावर? बरं झालं… म्हणजे बरं नाही झालं, पण त्यांना जाग तरी आली. आता ऐक. आहेत त्या ओल्या शर्टात त्यांना उठव आणि दोघंही टेकडीवरच्या शाळेत जा. आत्ता.

अगं, धरणाचे दरवाजे उघडतायत. दोन वाजता. तुमच्या गल्लीत पाणी शिरणार… कोण म्हणतं म्हणजे? मी म्हणते.

हसू नकोस… ताई, हसू नकोस ना.

अगं, राजधानीतले आता नाही बघत हे. पहिल्या तारखेपासून ज्याचं गाव त्यानेच बघायचं, असं ठरलंय… आपल्या गावाचं? मी… मी म्हणजे मीच, तुझी धाकटी बहीण. गेल्या आठवड्यात त्यांचं एक खोकं आलं. मी सही करून घेतलं… नाही वाचलं! दिवसाला चाळीस टपालं येतात. वाचत बसले तर नोंदवू कधी? सही, तारीख, नंबर, ठप्पा, पुढचं. तर सही केली त्या कागदावर अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की गावावर येणाऱ्या प्रत्येक आपत्तीची तयारी सही करणाऱ्याने करायची…

हस. पोटभर हस.

दाखवला ना साहेबांना. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, तुमचं अक्षर फार सुरेख आहे हो. आणि गेले… कुठे म्हणजे, राजधानीला. सगळेच गेलेत. आपत्ती आली तर काय करायचं, त्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण आहे. मला? मला कसं नेतील, टपाल कोण घेणार?

खोक्यात? भोंग्याची किल्ली, एक शिट्टी आणि दोनशे बारा पानांचं पुस्तक. पहिली साठ पानं नुसतं आभारप्रदर्शन आहे. पण मी सगळं वाचलं, यावेळी वाचलं हं! एकसष्टाव्या पानावर लिहिलंय, दरवाजे उघडायच्या दोन तास आधी भोंगा वाजवावा. दरवाजे दोनला. म्हणून मी बाराच्या ठोक्याला, सेकंदकाट्यावर डोळा ठेवून…

काय?

आज काय आहे म्हणालीस?

…सोमवार.

अगं बाई गं. चाचणीचा भोंगा. वीस वर्षं दर सोमवारी बाराला राजधानीतून वाजवतायत तो. म्हणजे तुम्हा सगळ्यांना वाटलं… आणि गल्ली काय करतेय आता? जेवायला बसली? सगळी?

थांब, पुन्हा वाजवते. आता बारा वाजून पाच झालेत, आता कोणाला चाचणी वाटणार नाही. फोन तसाच धर…

…

वाजला? नाही ना? इथे नुसतं टक् झालं. फ्यूज उडाला बहुतेक. मघाशी जरा जास्तच वेळ दाबून धरला होता… हौस असते गं माणसाला.

ते जाऊ दे. तू नीघ… का नाही? कोण येणारे? मशीनवाला? ताई, तीन आठवडे तो माणूस ‘आज नक्की’ म्हणतोय! आज तरी कशावरून… अगं, घरात पाणी शिरणार आहे आणि तू कपडे धुण्याच्या मशीनसाठी… ‘मशीन पाण्यावरच चालतं’? हा भाऊजींचा विनोद आहे, मी ओळखला. सांग त्यांना, हसले मी.

तू ना, जन्मात माझं ऐकलं नाहीस. लहानपणी शेजारच्या कुत्र्याचा पट्टा सुटलाय म्हणून मी बोंबलत होते, तरी गेलीसच ना अंगणात? पोटरीला चार टाके पडले. बघ, खूण असेल अजून… हो, काढणारच मी तो विषय. दर वेळी काढणार.

बरं, समोरच्या मास्तरांना दे फोन. ते तरी शिकले-सवरलेले… काय म्हणतात? लेखी आणा? त्यांना सांग, लेखीच आलंय, धरणावरून. आवक नंबर चारशे अकरा. हे बघ, इथे ट्रेमध्येच… हे चारशे अकरा. आणि हे… हे पण धरणाचंच दिसतंय. सकाळी आलंय, चारशे सतरा. नोंद केली आहे की मी! ठप्पा आहे… नाही, वाचलं नाही. पुस्तक वाचत होते ना. थांब…

‘उपरोक्त विषयाबाबत यापूर्वीच्या पत्रात अंशतः बदल करून कळविण्यात येते की’…

ताई.

दोनला नाही. दरवाजे बारालाच उघडलेत. साडेबाराला पाणी गावात.

माझ्या घड्याळात बारा वाजून आठ… अगं फोन केलाही असेल धरणवाल्यांनी, मी भोंगा वाजवत होते ना!

ताई, मी थट्टा करत नाहीये. ऐक, आवाज बघ माझा कसा झालाय. मी आता रडणारे… हो, ऑफिसात. कोणी नाहीच बघायला, सगळे प्रशिक्षणाला गेलेत. ‘आधी जेवून घेतो’? साडेबाराला जेवत असाल तर ताटं तरंगतील तुमची! तू माझ्यासाठी म्हणून तरी… ‘मशीनवाला येऊन गेला तर’…

…

नाही, आहे मी फोनवर. विचार करत होते.

ताई, तो मशीनवाला ना, शाळेत आहे… टेकडीवर, वरच्या शाळेत. आत्ता माझ्या खिडकीवरून गेला, पिशवीतून पाने-पकडी डोकावत होत्या. मीच विचारलं ना त्याला. म्हणे, आता घरोघरी येणं जमणार नाही, एका जागी बसणार. ज्याचं जे बिघडलंय ते घेऊन या म्हणतो. आणि पटकन. साडेबारानंतर थांबणार नाही.

तुझं मशीन कसं नेणार… ते राहू दे, ते बघायला तो खाली येईल मग. तू मिक्सर घे. बंद पडलाय ना? आणि इस्त्री. आणि भाऊजींना घे उचलायला.

पण कोणाला सांगू नकोस हं. उगाच गर्दी होईल… सांगू नकोस म्हणते… ताई, खिडकीतून ओरडू नकोस! अगं माझा कान!

…

हो. हो, पंखेही करतो. टीव्हीही. शेवटच्या घरातल्या आजोबांचा रेडिओ? करेल की, पण आजोबांना बरोबर आणा म्हणावं, नुसता रेडिओ घेत नाही तो. मालक समोर लागतो. बाळाला पण घ्या, पाळण्याचा स्क्रू ढिला आहे म्हणून सांगा. दाराला कुलूप लावा, गॅस बंद करा, चला!

निघाले? किती घरं झाली, मोज ना… एकतीस. बत्तीस आहेत गल्लीत. मला विचार, बत्तीस नोटिसा दर वेळी माझ्याच हातून जावक होतात. कोण राहिलं? बॅटरी? तो जाड चष्मेवाला? तो का नाही येत? काही बिघडलेलं नाही? अख्ख्या घरात काहीच नाही? असा कसा हा माणूस! सांग त्याला, काहीतरी बिघडव म्हणावं… अगं काहीही! टोस्टर असेल ना, तो आपट!

…

ऐकू आलं मला. शाबास. आता चल म्हणावं त्याला.

हळू चढ पायऱ्या, धाप लागलीये तुला. बोलू नकोस… बोलू नकोस म्हटलं की बोलायचंच का? मिक्सर भाऊजींकडे दे. बारा पंचवीस झालेत. नाही, जाणार नाही तो, बसेल पाच मिनिटं. मी बोललेय त्याच्याशी.

पोचलीस? सगळे पोचले? आजोबा? बाळ? बॅटरी?

बरं. ताई, आधी बस. बसलीस? तो नाहीये… म्हणजे नव्हताच. मी बनवलं.

…हो.

…हो.

…हो, तेही खरं आहे.

आईला मध्ये आणू नकोस!

स्पीकरवर आहे? कधीपासून? नमस्कार मास्तर. हो, लेखी देते मी तुम्हाला. नमस्कार आजोबा… अहो आजोबा! तुम्हीसुद्धा असलं बोलता? बत्तीस घरांनी मला मारायचं असेल तर मारा, रांगेने या, नंबर देते सगळ्यांना. बॅटरी, तुमचा टोस्टर मी भरून…

हॅलो?

ताई? एकदम गप्प का झालात सगळे?

…

आलं?

कुठपर्यंत? तुझ्या पायरीपर्यंत… खिडकीपर्यंत. ताई, दार उघडलं का तुझं? काय बाहेर येतंय? मशीन. तरंगतंय?

रडू नकोस ना… माहीत आहे गं, तुझ्या स्वतःच्या पैशाचं होतं ते. रडू नकोस, नाहीतर मी पण इथे… भाऊजींच्या शर्टाला पूस डोळे, तो तसाही ओलाच आहे.

सगळे आहेत ना वर? घरं पुन्हा मोज. मनात नाही, मोठ्याने मोज, मला ऐकू दे… तीस, एकतीस, बत्तीस.

हुश्श.

आता कोण ओरडतंय मागे? कोण आलं? मशीनवाला? खरा मशीनवाला? त्याला कोणी बोलावलं? काय… गावात ऐकलं म्हणून? की शाळेत कोणी मशीनवाला येऊन बसलाय आणि अख्खी गल्ली तिकडे पळतेय? आणि हा बघायला आला, आपलं गिऱ्हाईक पळवणारा हा दुसरा कोण ते! अगं ताई, हसवू नकोस, माझ्या पोटात दुखतंय. धरून ठेवा त्याला! पिशवी आणलीये का? मग बसवा खाली, मिक्सरपासून सुरू करा. टोस्टर आधी घे म्हणावं, माझ्या डोक्यावरचं एक तरी ओझं उतरेल.

मी? मी ऑफिसातच. तळमजल्यावर, अजून कुठे असणार?

नाही गं, पुस्तकातल्या पूररेषेत फक्त तुमची गल्ली आहे. नगरपालिकेचं नाव नाही त्यात. तुला काय दिसतंय तिथून? कुठल्या पायऱ्या, आमच्या? अगं नाही, तुला लांबून वाटत… थांब, चप्पल घालून बघून येते. चप्पल कुठे गेली? इथेच टेबलाखाली काढली होती…

ताई, माझी चप्पल दाराकडे चाललीये.

घोट्यापर्यंत आहे. गार आहे… अगं मागचं दार आहे ना, चढावर उघडतं, तिथून सरळ वर येता येईल. पण जाता येत नाही मला. पान दोनशे अकरा. जागा सोडायची तर जबाबदारी दुसऱ्याला देऊन त्याची सही घ्यायची. इथे आहे कोण सही करायला? तू काय ओरडतेस, नियम मी केलाय का?

कोण घेते? तू?

असं तोंडी चालत नाही ताई. सही लागते… केलेली आहे? कुठे केलीयेस तू सही?

…पोटरीवर?

काय बोलतेस तू? ऐकलं होतंस? पट्टा सुटलाय हे तेव्हा ऐकलं होतंस? मग गेलीस कशाला अंगणात? मी कुठे होते? मी फाटकावर लटकून बोंबलत होते… आतल्या बाजूला? कुत्र्याच्या बाजूला?

मला आठवतच नाही हे. मला आपलं वाटायचं, की तू माझं…

इतकी वर्षं बोलली का नाहीस?

…

हं… हं, ताई… नाही, रडत नाहीये… हो, येते. आत्ता निघते. रजिस्टर घेऊ का? फक्त आवकचं, जावक राहू दे… बरं, तेही नाही घेत. काही नाही घेत. नुसती येते, अनवाणी.

शिट्टी? हो, गळ्यातच आहे सकाळपासून. तुला कसं कळलं? बरं बाई, वाजवत येते, रस्ताभर.

ताई, ऐकशील ना?

…

ठेव मग. नाही, आधी तू ठेव… बरं, मी ठेवते.