नवजात वार्डातला स्विच

मी आष्टीकडची. बाबा वावरात वांगे, सांबार म्हंजे कोथिंबीर, पालक लावत, अन् बाजाराच्या दिवशी मी आईसंगं पोत्यावर बसून भाजी इकू लागे. मंग कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, लग्न होऊन सिंदी मेघेले आली, सासरचं किरान्याचं दुकान. काय सांगू तुमाले, पोरगी रांगत होती तेवाच आमचे हे कावीळ होऊन गेले. सासरे म्हने आता दुकानात बस, घरचंच हाय. सासूबाई म्हने नाई, मंग तिनं शिक्षन कायले केलं, पोरीले मी पाहीन. त्यायच्या त्या एका बोलन्यानं मी दवाखान्यात नेटवर्कच्या कामाले लागली.

आता स्विच म्हंजे लाइटचं बटन नोहे बरं. वार्डातले समदे कॉम्प्युटर वायरीनं ज्या डब्ब्याले जोडले असतात, तो स्विच. तो गरम झाला, त्याचा पंखा बंद पडला, तं आमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरले सांगते. पन हे बोलनं जुन्या रीतीनं उघडंच चाले, पासवर्ड म्हून एकच शब्द समद्या स्विचायले, मधात कोनीबी आयकून घेईल. आमच्या हेड मॅडम म्हने, नवी रीत तू बसव. नव्या रीतीत स्विचवर एक नाव बनवा लागते, वळख पटवाले एक पासवर्ड, बोलनं कुलूपबंद कराले दुसरा, अन् फक्त पाहाची मुभा, बदलाची नाई, अन् तेबी आमच्याच कॉम्प्युटरले.

मी समदं केलं, पन स्विच काही उत्तरच देईना. दुपार झाली, जेवनाचा डब्बा तसाच राह्यला. मनात आलं, सासरेच बरोबर होते काय वो, आपलं काम दुकानातच होतं. मॅडम बाजूले येऊन बसल्या, पन कीबोर्डले हात नाई लावला. म्हने जुनी वाट चालूच हाय ना, मंग घाबरतं काऊन, पाह्य सावकाश. मी पाह्यलं, तं कुलूप लावाची रीत स्विचवर एक अन् कॉम्प्युटरवर दुसरीच. दोन्ही सारखी केली, अन् स्विच बोलला. मॅडम म्हने, आता बंद कर जुनी वाट. मले रडूच आलं.

त्याच्यानंतर उन्हाळ्यात नवजात बाळायच्या वार्डातल्या स्विचनं सांगितलं, पंखा बंद झाला, मी तापून राह्यलो. आम्ही पयत गेलो, दुसरा स्विच लावला, तापलेला बंद पडाच्या आधी. आत नर्सबाई बाळायच्या मशिनी पाहत होत्या, त्यायच्या पडद्यावर काहीच अटकलं नाई. मी काचेतून पाह्यलं, एवढूशे एवढूशे जीव, निवांत झोपून.

आता पोरगी शाळेत जाते, नव्या पोरी कामाले येतात, त्यायच्या बाजूले मी बसतो. मले काय कमी हाय? सासूबाईचं, मॅडमचं आयुष्य वाढो. अन् तुम्ही एवढं आयकून घेतलं, तुमच्याबी लेकराबाळायले सुख लाभो, बाप्पा.